विरळणी

रत्नम्मांनी नवऱ्याला मोजणं केव्हाच सोडून दिलं होतं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती. सिद्रामप्पा स्वतःच स्वतःला भरपूर मोजत असत.

सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेलच्या कारखान्यात सिद्रामप्पा जॉबर होते. माग बिघडला की दुरुस्त करणारा तो जॉबर. हात चांगला होता, हे त्यांचा दुश्मनही कबूल करील. पण मागांच्या खडखडाटात उभं आयुष्य गेलं, त्यात एक कान गेला. उरलेल्या कानानं त्यांना फक्त स्वतःचं ऐकू येई. कामावरून निवृत्त झाले त्या दिवशी मालकानं शाल पांघरवली. ती त्यांनी घरी आणून रत्नम्मांच्या अंगावर टाकली.

"घे. तुला काय कोन देनार न्हाय."

रत्नम्मांनीही तितकीच वर्षं काम केलं होतं. घरी मशीनवर बसून त्या टॉवेलच्या कडा शिवत. ढीग यायचा, ढीग जायचा. त्याला सिद्रामप्पा काम म्हणत नसत. कुणी विचारलं तर "शिवत बसतीया कायतरी" म्हणत. आणि ज्या पैशांनी पोराचं शिक्षण झालं, ते पैसे जणू आभाळातून पडले होते.

घरामागं थोडी मोकळी जागा होती. काळी, चिकट माती. सिद्रामप्पांनी तिथं गाजरं लावायचं ठरवलं. गाजरंच का? तर बाजारात गाजरं बघितली की त्यांना राग यायचा. धुतलेली, लालभडक, आत नुसतं पाणी. "शेतकऱ्यांत आता अक्कल ऱ्हायली न्हाय," असं ते हातगाडीवाल्याला सांगत. हातगाडीवाला मान हलवी आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळे.

पहिल्या हिवाळ्यात त्यांनी ढेकळं न फोडताच बी टाकलं. गाजरं ढेकळांना अडली, वाकली, आल्याच्या गड्ड्यासारखी निघाली. दोष दुकानदाराच्या बियाण्याचा. दुसऱ्या हिवाळ्यात त्यांनी गोठ्यातलं ताजं शेण आणून घातलं. गाजरांना केस फुटले, पाय फुटले. दोष म्हशीचा.

रत्नम्मांचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडं, कानडी मुलखात. वडील विहिरीच्या पाण्यावर भाजीपाला करत. त्या म्हणाल्या, "माती भुसभुशीत पायजे. वाळू मिसळा. खत जुनं घाला, कुजल्यालं."

"तुझ्या बापाला काय कळतंय?"

वडिलांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांना आता काही कळायचं कारणच नव्हतं. पण आठवड्यानं सिद्रामप्पा एका बांधकामावरून पोतंभर वाळू घेऊन आले आणि शेजारच्या शिवपुत्रला भिंतीवरून मोठ्यानं म्हणाले, "डोकं चालवलं. वाळू मिसळायची."

"तुमचं डोकं म्हंजे काय अप्पा!" शिवपुत्र म्हणाला. शिवपुत्र ज्याच्या घरी चहा प्यायचा, त्याच्या बाजूचा असे. आणि तो घरोघर चहा प्यायचा.

त्या तिसऱ्या हिवाळ्यात माती साधली. बी असं उगवलं की वाफा दिसेना. पण दाट उगवलेली रोपं उपटून उरलेल्यांना जागा करून द्यावी लागते. त्याला विरळणी म्हणतात. सिद्रामप्पा ती करू देईनात. मागावर हजारो धागे एका वेळी चालतात. एक तुटला की माग थांबवायचा, गाठ मारायची आणि पुन्हा चालू करायचा. हेच त्यांचं आयुष्य. चालता धागा हातानं तोडणारा त्यांच्या लेखी एक तर वेडा, नाही तर चोर. आता माग वेगळा आणि मुळं वेगळी, हे कुणी सांगायचं त्यांना?

मार्गशीर्षात, वेळ अमावस्येच्या सणाला त्यांच्या घरचे सगळे होटगीला, गावी जात. धाकटा भाऊ संगप्पा अजून शेती करी. सिद्रामप्पांनी आपला वाटा विकून हे घर बांधलं होतं, आणि तेव्हापासून भावाला ते 'खेडवळ' म्हणत. पण त्या दिवशी सगळे शेतात जमायचे. कडब्याच्या कोपीत, छोट्याशा खोपटात, पूजा व्हायची, आंबील प्यायची, बाजरीचे वाफवलेले उंडे आणि भज्जी खायची. त्या दिवसांत शेतात जे जे असतं ते सगळं त्या भज्जीत पडतं. तूर, वाटाणा, हरभरा, मेथी. गाजरही. जो तो आपल्याकडचं काही घेऊन येई.

त्या वर्षी रत्नम्मांनी पिशवी उघडली. संगप्पाची बायको सिद्धेश्वरी वाकून बघायला लागली.

"अक्का, हे काय? सुतळी आनली व्हय?"

रत्नम्मा काही बोलणार, तेवढ्यात सिद्रामप्पा म्हणाले, "हिच्या हाताला गुनच न्हाय. मी चांगलं पेरून देतो, आन ही पानी घालून घालून मारती."

शेतातली सगळी माणसं हसली. सिद्धेश्वरी हसली, संगप्पा हसला, पोरंटोरं हसली. रत्नम्माही हसल्या. जन्मभराची सवय. परत येताना रिक्षात त्यांना स्वतःची किळस आली. नवऱ्याचं नवल नव्हतं. पण आपण का हसलो?

ते त्यांना कित्येक महिने पचलं नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सिद्रामप्पा वाफा खणत होते. रत्नम्मा मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"निम्मा वाफा मला पायजे."

"कशाला?"

"माझ्या हाताला गुन न्हाय म्हनता न्हवं? दिसू दे की एकदा सगळ्यास्नी."

सिद्रामप्पांना हे फार आवडलं. त्यांनी खुरपं खाली ठेवलं. "घे की! अमावस्येला माझी मी घेतो, तुझी तू घे. कुनाची कुठली, ते तितं सगळ्यांम्होरं सांगायचं."

"सांगायचं," रत्नम्मा म्हणाल्या.

वाफ्याच्या मधोमध त्यांनी फाटक्या टॉवेलची कड फाडून बांधली.

सिद्रामप्पांनी मुठीनं बी फेकलं. रत्नम्मांनी बी तळहातावर चोळलं, वाळूत मिसळलं, बोटानं ओळी ओढून त्यांत सोडलं. वर माती नावाला भुरभुरली. ओलं पोतं अंथरलं आणि ते रोज ओलं ठेवलं. कोंब दिसले तसं पोतं काढून टाकलं. पुढं बडीशेपेसारखी बारीक पानं फुटली, तेव्हा त्यांनी वाफ्याला पाणी दिलं, माती मऊ होऊ दिली आणि पदर खोचून उपटायला बसल्या. चार बोटं जागा सोडून एक रोप ठेवायचं, मधली काढायची.

सिद्रामप्पा चहाची बशी घेऊन बाहेर आले. बशी हातात तशीच राहिली.

"अगं ए! जिवंत हायती ती!"

"म्हनून तर उपटतीया. मेल्यालं कोन उपटतंय?"

"शिवपुत्र! बघ रं, कशी माराय लागलीया!"

शिवपुत्रनं भिंतीवरून मान काढली आणि हळहळला. त्याला दोन्ही घरी चहा होता, म्हणून तो जपून हळहळला.

त्यानंतर सिद्रामप्पांनी जे केलं, ते बघून रत्नम्मांना हसावं की काय करावं कळेना. त्यांनी उपटलेली रोपं गोळा केली आणि एकेक करून आपल्या निम्म्या वाफ्यात, होत्या त्या गर्दीत लावली. सूनबाई पूनम कामावर निघाली होती. ती दारातच थांबली.

"अत्ते, मामांनी अनाथाश्रम काढला की."

"हळू बोल," रत्नम्मा म्हणाल्या. मग म्हणाल्या, "न्हायतर बोल मोठ्यानं. ऐकू कुटं येतंय त्यास्नी."

थंडी पडली. आणि झालं भलतंच. सिद्रामप्पांचा वाफा हिरवागार झाला. वाऱ्यावर असा डोलायचा की येणारा जाणारा थांबायचा. रत्नम्मांच्या बाजूला ओळींमधून माती दिसायची.

"अप्पा, तुमचं म्हंजे रान माजलंय!" शिवपुत्र म्हणाला. "वैनींचं जरा टक्कल पडल्यावानी वाटतंय."

"गुन लागतो हाताला." सिद्रामप्पांनी वाफ्याकडं नाही, रत्नम्मांकडं बघून म्हटलं.

बघणाऱ्यांना पानंच दिसत. गाजर पानांसाठी लावत नाहीत, एवढं साधं कुणाच्या ध्यानात येईना. पण रोज रोज तेच ऐकून रत्नम्मांच्याही मनात पाल चुकचुकली. वडिलांचं आपण नीट बघितलं होतं ना? की आपलंही काही चुकलं? एकदा एका रोपाच्या बुडाशी गाजराचा नारिंगी खांदा दिसला. त्यांनी त्यावर चटकन माती ओढली. ऊन लागलं की खांदा हिरवा पडतो म्हणून, आणि नवऱ्याच्या नजरेला पडू नये म्हणूनही. एक उपटून बघायला हात शिवशिवत होता. त्यांनी उपटलं नाही. सगळं अमावस्येला एकदम, असं ठरलं होतं.

अमावस्येच्या सकाळी दोघं वाफ्यावर गेले. सिद्रामप्पांनी मोठा थोरला झुपका धरून ओढला. झुपका सगळाच्या सगळा वर आला. खाली पांढरट, पिवळट दोऱ्या. एकीत एक गुंतलेल्या. मागाहून लावलेली तर दोन-दोन पायांची निघाली, एकमेकांना मिठ्या मारून. त्यांनी दुसरा झुपका ओढला. मग तिसरा.

रत्नम्मांनी पहिलं गाजर काढलं. वीतभर, सरळ, नारिंगी. माती झटकली तशी त्याचा वास सुटला. त्यांनी दुसरं काढलं. दुसरंही तसंच.

सिद्रामप्पा बघत होते. मग त्यांनी दोन पिशव्या आणल्या, एकीत ही भरली, एकीत ती भरली, आणि दोन्ही स्वतः उचलल्या. आजवर त्यांनी बायकोची पिशवी कधी उचलली नव्हती. शरमले असतील, असं रत्नम्मांना वाटलं. म्हातारपणी माणूस बदलतो, असं वाटून घेण्याइतक्या त्या अजून भोळ्या होत्या.

होटगीच्या शेतात कोपीपाशी सगळे जमले होते. चुलीवर भज्जीचं डाळीचं पीठ रटरटत होतं. सिद्रामप्पांनी चादरीवर दोन्ही पिशव्या उलट्या केल्या. दोन ढीग झाले. ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"बगा. ही माझी." त्यांनी जाड गाजरांकडं बोट केलं. मग सुतळीकडं. "आन ही हिची."

रत्नम्मा जागच्या जागी थिजल्या. खोटं त्यांनी ऐकलं नव्हतं असं नाही. पण इतकं उघडं, दिवसाढवळ्या, देवाच्या पूजेपुढं, आणि आवाज जरासुद्धा न हलता? गेल्या वर्षी निदान हिरावून घेण्यासारखी रत्नम्मांची स्वतःची गाजरं तरी नव्हती.

"अण्णा!" संगप्पा खाली बसला. "लई भारी की ओ! गावात कुनाची न्हाईत असली."

"डोकं लागतं," सिद्रामप्पा म्हणाले.

सिद्धेश्वरीनं एक गाजर उचललं. फिरवून बघितलं. तिचा भाजीपाला दर आठवड्याला बाजारात जाई. तिनं सहज विचारलं, "भावजी, विरळणी कवा केलती?"

"विरळणी? ह्यॅ!" सिद्रामप्पांना त्या शब्दाचाच राग होता. तो अगदी खरा राग होता, म्हणून तो लपला नाही. "उगवल्यालं उपटायला मी काय येडा हाय? एक रोप उपटलं न्हाय मी. ही बसली हुती, रोज उठून उपटत."

चुलीवरचं पीठ तेवढं फदफदत राहिलं. तिथं बसलेला प्रत्येक माणूस शेतातला होता. प्रत्येकानं एकदा या ढिगाकडं बघितलं, एकदा त्या. संगप्पानं हातातलं गाजर हळूच खाली ठेवलं आणि भावाकडं बघायचं टाळलं.

"म्हंजे उपटून उपटून ही अशी झाली," सिद्धेश्वरी सुतळी बोटावर गुंडाळत म्हणाली, "आन गर्दीत वाढून ती तशी?"

"व्हय."

"भावजी, गाजराला तोंड न्हाय म्हनून बरंय."

एक पोरगी फिसकन हसली. तिच्या आईनं तिला दटावलं आणि मग स्वतःच पदर तोंडाला लावला.

"तुला काय कळतंय?" सिद्रामप्पा म्हणाले. आवाज नेहमीचाच होता. पण या वेळी कुणी मान हलवली नाही.

सिद्धेश्वरीनं विळी उचलून रत्नम्मांपुढं ठेवली, आणि जाड गाजरांचा ढीग तिच्याशेजारी सरकवला. "अक्का, तुमी चिरा. गेल्या साली मी हसली. चुकलं माझं." मग सुतळीचा ढीग उचलून तिनं बैलापुढं टाकला. बैलानं तो हुंगला आणि पानं तेवढी खाल्ली.

रत्नम्मा बसल्या. चिरू लागल्या. फोडी सारख्या पडत होत्या. कुणीतरी एक फोड उचलून कच्चीच खाल्ली आणि "गोड हाय की!" म्हणालं. रत्नम्मांनी वर बघितलं नाही. ऐकून घेतलं.

जेवताना सिद्रामप्पा म्हणाले, "भज्जीत गाजर जास्त झालं." ते तीनदा वाढून घेऊन जेवले.

परत येताना रिक्षात ऊन तिरपं येत होतं. सिद्रामप्पा बाहेर बघत होते. बोलले असते, तर रत्नम्मांनी ऐकलं असतं. साधा एक शब्द. त्यांनी अर्ध्या रस्त्यापर्यंत वाट बघितली.

मग त्याच म्हणाल्या, "पुढच्या दसऱ्याला निम्मा वाफा नको मला. सगळा पायजे."

"सगळा? आन मी काय करू?"

रत्नम्मांनी खरंच विचार केला. इतक्या वर्षांच्या ओळखीच्या माणसाला सांगण्यासारखं एखादं काम शोधलं. काही सुचलं नाही.

"बगू," त्या म्हणाल्या.