पहिला नग खुंटीवर

माझ्या बहिणीच्या नवऱ्याला मी दाजी म्हणतो, ते ठीक आहे. नात्याने तसं म्हणावंच लागतं. पण आमच्या गल्लीत त्यांना सगळेच दाजी म्हणतात. त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठा असलेला ओतकामवालाही म्हणतो आणि माल न्यायला येणारा ट्रकवालाही म्हणतो. एका माणसाला इतके मेहुणे मी दुसरीकडे कुठे पाहिले नाहीत. खऱ्या मेहुण्याला मात्र त्यात कवडीची किंमत उरली नाही, हे माझं जुनं दुखणं आहे.

मी लाकडी खोकी करतो. गल्लीत तयार झालेले पाण्याचे पंप माझ्या खोक्यांतून बाहेरगावी जातात. खोकी करणाऱ्याला सगळ्यांच्या शेवटी काम मिळतं, त्यामुळे आधी कुणाचं काय बिघडलं हे त्याला बरोबर कळतं. म्हणून हे सगळं मी सांगितलेलं बरं.

बावीस वर्षांपूर्वी ही गल्ली म्हणजे बंद गोदामांची रांग होती. ज्याला हात होते तो शहरात कामाला जायचा आणि ज्याला पाय होते तो त्याला बसवर सोडायला जायचा. दाजी शहरातल्या कारखान्यातली नोकरी सोडून उलट इकडे आले. लोखंड कातायचं एक जुनं यंत्र, म्हणजे लेथ, आणला, एका गोदामाचं छप्पर नीट केलं आणि एकटेच पंप करू लागले. शाफ्ट तेच कातायचे, बुश तेच करायचे, जोडणी तेच करायचे. आठवड्याला एक पंप व्हायचा. मी म्हटलं, दात कोरून पोट भरत नसतं. ते म्हणाले, "मेहुणे, थांबा की जरा."

लेथखालचा लोखंडाचा कीस झाडायला एक बाई यायची. तिचा नवरा दुसऱ्या गावी नोकरीला गेला, तो तिकडचाच झाला होता. ती झाडता झाडता लेथकडे बघायची. एक दिवस दाजींनी झाडू बाजूला ठेवायला सांगून तिच्या हातात चाक दिलं. दोन वर्षांत ती बुश असे करू लागली की दाजींनी स्वतः बुश करणं सोडलं. बुश म्हणजे ज्यात शाफ्ट, म्हणजे पंपाचा दांडा, फिरतो तो पितळी नळीचा तुकडा. पंपाचा सगळा सुरळीतपणा त्याच्या आतल्या मापावर असतो.

दुसरा कुणी असता तर अशा कामगाराला घट्ट धरून ठेवलं असतं. दाजींनी तिला काढून टाकलं. म्हणजे शेजारच्या गोदामात दुसरा लेथ बसवून दिला आणि म्हणाले, "आजपासून बुश तुझे. मला लागले तर मी तुझ्याकडून घेईन."

मी घरी जाऊन ताईपुढे डोकं आपटलं. याला घर जाळून कोळशाचा व्यापार करणं म्हणतात, असं सांगितलं. ताई म्हणाली, "अरे, मी तेच म्हणाले. ते म्हणतात, एकट्याच्या कारखान्याला गाव म्हणत नाहीत."

पुढे हेच सुरू झालं. ज्याला जे उत्तम जमेल त्याला ते काम देऊन बाहेर काढायचं. एकाला शाफ्ट दिले, एकाला पंखे, कुणाला ओतकाम, कुणाला नुसती रंगाई. झाकणं आणि जोडणी तेवढी स्वतःकडे ठेवली. खोक्यांचं काम मला दिलं तेव्हा मी कोळशाच्या व्यापाराबद्दल बोलायचं बंद केलं. बावीस वर्षांत गल्लीत चाळीस दुकानं झाली. चहाची टपरी आली, मग तिच्यासमोर दुसरी आली, बँकेने शाखा काढली आणि बसवाल्यांनी थांबा दिला. शहरात गेलेली काही मंडळी परत आली, ती आता शहराला नावं ठेवतात.

एवढी चाळीस दुकानं, पण पंप एकच. एकाचा शाफ्ट दुसऱ्याच्या बुशात बसायला हवा. त्यासाठी गल्लीचा एकच कायदा होता: पहिला नग खुंटीवर.

खुंटी म्हणजे अंगठ्याएवढा जाड पोलादी तुकडा. दाजींनी पहिल्याच वर्षी एक सळई लेथवर अचूक मापाची करून घेतली आणि तिचं एक टोक कापून ही खुंटी केली. उरलेली हातभर सळई ताईने मागून घेतली, तिला स्वयंपाकघराच्या खिडकीला पडदा लावायचा होता. रोज सकाळी काम सुरू करताना प्रत्येकाने दिवसाचा पहिला नग घेऊन दाजींकडे यायचं. बुश असेल तर तो खुंटीवर सरकला पाहिजे, शाफ्ट असेल तर खुंटीच्या जाडीला लावून घेतलेल्या कॅलिपरच्या चिमट्यात बसला पाहिजे. बसला की दाजी मान हलवणार. नाही बसला की म्हणणार, "परत." जाडी मोजायचा मायक्रोमीटर चुकतोय अशी शंका आली, तर तोही खुंटीवर लावून नीट करायचा. खुंटीवर शंका घेण्याचा प्रश्नच नव्हता. ती दाजींच्या हातची होती.

मग विजेच्या मोटारी करणाऱ्या बाहेरगावच्या एका कंपनीचं पत्र आलं. त्यांच्या मोटारीला जोडायचे पंप ते आमच्याकडून घेणार होते, सगळ्या गल्लीला वर्षभर पुरेल एवढे. नमुन्याला आधी दोनशे बुश पाठवायचे होते. सोबत कागदावर माप होतं. ते वाचून गल्ली हसली, कारण ते खुंटीचंच माप होतं.

आठ दिवसांनी कंपनीचा साहेब स्वतः खोकी घेऊन परत आला. माझी खोकी, एकही फळी निघालेली नाही, हे मी आधी पाहून घेतलं. त्याने त्यांच्या मोटारीचा दांडा काढला आणि एकेक बुश त्यावर चढवून दाखवला. एकही चढेना. दोनशेच्या दोनशे घट्ट. साहेब चांगला माणूस होता. म्हणाला, "पंधरा दिवसांत दुसरा नमुना द्या. तोही नाही बसला, तर माझ्या हातात काही राहणार नाही." दांडा घेऊन तो निघून गेला.

त्या दिवशी टपरीवर वड्याचं तेल वांग्यावर काढायचं काम जोरात चाललं. पहिला नग खुंटीवर बसला होता, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. म्हणजे पुढचे बाईने घाईत उरकले. शाफ्टवाला म्हणाला, "कानामागून आली आणि तिखट झाली. दाजींनी डोक्यावर बसवली, दुसरं काय." मीही मान हलवली. ती हलवलेली मान मला अजून टोचते.

बाईने दोनशे बुश टोपल्यात घातले, दाजींच्या दुकानात आणले आणि एकेक खुंटीवर घालून पाहिला. मी तिथेच होतो. सगळे लोण्यात सुरी जावी तसे सरकले. ती म्हणाली, "दाजी, सगळे जातात."

"जातात की."

"बाहेर कुणी मानणार नाही. म्हणतील, आता घासून आणले." तिने दुकानाची किल्ली टेबलावर ठेवली. "बुशचं काम तुम्ही परत घ्या. माझ्यामुळे सगळ्यांच्या पोटावर पाय नको."

दाजींनी किल्लीला हात लावला नाही. "उद्या बघू," म्हणाले.

दुपारी मी ताईकडे जेवायला होतो. दाजी ताटावर बसले होते, पण घास पुढे जात नव्हता. खिडकीतून ऊन थेट त्यांच्या ताटात पडत होतं. ताई म्हणाली, "अहो, जेवत नाही तर नाही, निदान पडदा तरी ओढा." दाजी उठले, पडद्याला हात घातला आणि तसेच उभे राहिले. मग त्यांनी पडद्यासकट सळई खाली उतरवली. एक बाजू फडक्याने पुसली, खिशातून बाईचा बुश काढला आणि सळईच्या टोकावर लावला.

बुश चढला नाही.

"अगं, मी आलोच," असं म्हणून ते सळई घेऊन निघाले. पडदा अजून तिला लटकत होता. मी मागे. दुकानात त्यांनी तोच बुश खुंटीवर घातला, सरळ आत गेला. सळईवर लावला, अडला. पुन्हा खुंटी, पुन्हा सळई. एकाच दिवशी, एकाच मापाची, एकाच सळईची ही दोन टोकं. एक बावीस वर्षं खिडकीवर निवांत पडून होतं, आणि दुसऱ्यावरून चाळीस दुकानांचे हात रोज फिरत होते. खुंटी केसभर झिजली होती. तिच्याबरोबर आमचे बुश बारीक होत गेले, शाफ्ट बारीक होत गेले, मायक्रोमीटरही तिच्याच मागे गेले. आमचं आमच्यात सगळं बरोबर बसत होतं. फक्त जगात बसत नव्हतं.

दाजी स्टुलावर बसले. "मेहुणे, हिला पाणी द्यायचं राहिलं होतं," ते म्हणाले. पाणी देणं म्हणजे पोलाद लालबुंद तापवून बुडवायचं, म्हणजे ते कडक होतं, झिजत नाही. "तेव्हा घाई होती. उद्या देऊ म्हटलं. मग लोक वापरायला लागले आणि ते राहूनच गेलं."

मी व्यवहारी माणूस आहे. मी सांगितलं, घाबरायचं काय त्यात. गुपचूप नवी खुंटी करू, जुन्या पेटीत ठेवू. माप सुधारेल, माल पास होईल, कुणाला काही कळणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

दाजी माझ्याकडे असे बघत राहिले की मला माझीच मूठ कुठे लपवावी ते कळेना. म्हणाले, "आणि त्या बाईचं काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे आपापला पहिला नग घेऊन दाजींच्या दारात जमले. बाई आली नव्हती, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दाजी सळई, खुंटी आणि तिची किल्ली घेऊन बाहेर पडले आणि चालू लागले. गल्ली मागोमाग गेली. बाई आपल्या बंद दुकानाच्या पायरीवर बसली होती. त्यांना बघून उठली.

दाजींनी आवाज चढवला नाही. शाफ्टवाल्याच्या हातात बुश दिला आणि म्हणाले, "खुंटीवर घाल." त्याने घातला. "आता या सळईवर घाल." त्याने जोर लावला, तळहात लाल झाला. "ही दोन्ही मी एकाच दिवशी केली. खुंटीला पाणी दिलं नव्हतं, ते माझ्याकडून राहिलं. ती झिजली. बाईने दोनशेच्या दोनशे बुश खुंटीबरहुकूम केलेत, एक चुकला नाही. तुम्ही चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतात. चोर हा इथे उभा आहे."

माणूस आपल्या चुकीवर पांघरूण घालतो तेव्हा त्याच्या हाताखालचे लहान होतात. दाजींनी ते पांघरूण भर गल्लीत उचललं. मी त्यांचा मेहुणा आहे याचा त्या दिवशी मला जेवढा अभिमान वाटला, तेवढा लग्नात मिरवतानाही वाटला नव्हता. शाफ्टवाला पायाकडे बघत बाईला म्हणाला, "बाई, चुकलं आमचं." मीही म्हणालो. मी नुसती मान हलवली होती हे कुणाच्या लक्षातही नव्हतं, तरी म्हणालो.

दाजींनी किल्ली तिच्या हातात दिली. "नवी खुंटी तू कर. आणि ती तुझ्याकडेच राहील."

"माझ्याकडे कशाला, दाजी?"

"मी पाणी द्यायला विसरतो, म्हणून."

तिने सळईच्या मापाने नव्या पोलादाची खुंटी केली. पाणी देताना माप किंचित बदलतं, म्हणून आधी जाड ठेवून मग घासून मापाला आणली. त्यात पाच दिवस गेले. सगळ्यांनी लेथ पुन्हा लावून घेतले, मायक्रोमीटर पुन्हा लावले. पंधराव्या दिवशी साहेब आला आणि बुश दांड्यावर चढवत गेला. शंभरापर्यंत मोजले, मग म्हणाला, "पुरे." चहा घेतला आणि कामाचा कागद दिला. आता गल्लीच्या मागे दुसरी गल्ली झाली आहे. तिथल्या लोकांना वाटतं की हे सगळं कंपनीने आणलं. मी वाद घालत नाही, खोकी माझीच लागतात. ताईच्या खिडकीला मात्र अजून दोरी आहे. तिने सळई मागितली तेव्हा दाजी म्हणाले, उद्या देऊ.

साहेब आला त्याच्या दुसऱ्या सकाळची गोष्ट. बाईच्या दारात रांग लागली. प्रत्येकाच्या हातात पहिला नग होता. रांगेत शेवटी दाजी उभे होते, हातात पंपाचं झाकण, मधल्या भोकाचं माप बघायला. आम्ही त्यांना पुढे जा म्हटलं, ते गेले नाहीत. त्यांची पाळी आली. बाईने झाकण खुंटीवर घातलं. ते किंचित डुललं. तिने पुन्हा घालून पाहिलं, मग दाजींकडे पाहिलं.

"दाजी," ती म्हणाली, "परत."

दाजींनी झाकण घेतलं, उजेडात धरून बघितलं.

"बावीस वर्षांत माझा नग पहिल्यांदा कुणी तपासला," ते म्हणाले, आणि झाकण घेऊन आपल्या लेथकडे गेले.