जिला शिवायचं, तिच्याकडे बघायचं नाही

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढचं सांगताना मला अजून घाम फुटतो. पंचवीस वर्षं होऊन गेली, पण कुणी हातात नारळ घेऊन माझ्याकडे यायला लागलं की मी आधी दार कुठं आहे ते बघतो. का ते ऐका.

नव्वदच्या दशकात मी सुरतेत, पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये होतो. आठवडाभर रंगाच्या टाकीपाशी आणि सुट्टीला मिलच्या कबड्डी संघात. शिकवायला भिला अण्णा, धुळ्याकडचे. गुडघे गेलेले, जीभ शाबूत. अण्णांचे नियम दोनच. ज्याला शिवायचं त्याच्याकडे बघायचं नाही, नजर भलतीकडे ठेवायची. आणि कितीही फाटली तरी दम सोडायचा नाही.

या दोन नियमांवर मी भलेभले गडी बाद केले. मग माझ्यासारख्या शहाण्यानं काय करावं? त्याच नियमांवर प्रेम करायला निघालो.

मी राहायचो त्या नवागाम वस्तीत आमच्या मागच्या गल्लीत सुनंदा राहायची. ओट्यावर बसून साड्यांना टिकल्या लावायची. मी तिथून दिवसातून चार वेळा जायचो आणि तिच्याकडे एकदाही बघितलं नाही. शेजारी एक बकरी बांधलेली असायची, तिच्याकडे बघायचो. असे तीन महिने गेले. बकरी मला ओळखायला लागली, सुनंदाचं काही कळत नव्हतं.

तिला दुसरीकडून स्थळ येईल या धास्तीनं झोप उडाली, तेव्हा आईला सांगून टाकलं. पाहायचा कार्यक्रम ठरला. मला वडील नाहीत, म्हणून आईच्या जोडीला अण्णा सोबत.

"अण्णा, छातीत धडधडतंय."

"मैदानात काय सांगितलंय?"

"दम सोडायचा नाही."

"मग झालं तर."

खोलीत सुनंदाचे वडील बापू, आणि अमळनेरहून आलेले तिचे मावसा. सुनंदा पोहे घेऊन आली, तिच्या मागून पाण्याचे ग्लास घेऊन तिची मावसबहीण पुष्पा. सुनंदा समोर आली मात्र, माझी मान आपोआप वळली. सवय हो! नजर जी पुष्पावर गेली, ती तिथंच चिकटली.

"कोणत्या खात्यात आहात?" बापूंनी विचारलं.

"रंगाईत," मी पुष्पाला सांगितलं.

"मुलीला काही विचारायचं असलं तर विचारा."

मुलगी म्हणजे समोर बसलेली सुनंदा, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण तोंड उघडलं ते पुष्पाकडेच. "स्वयंपाक येतो का?"

"येतो," म्हणून पुष्पा लाजली. आईनं मला कोपर मारलं. भीतीनं माझं तोंडातल्या तोंडात 'कबड्डी कबड्डी' सुरू झालं होतं. बापू हळूच अण्णांना म्हणाले, "जप करतोय वाटतं. पोरगा देवभोळा दिसतो."

मावसा म्हणजे पुष्पाचे वडील. ते पुढे सरकले. "बापू, राग नसेल तर बोलतो. पोराचं मन कुठं आहे ते दिसतंच आहे."

बापूंचा चेहरा उतरला, पण माणूस दिलदार. "दोघी आपल्याच पोरी," म्हणाले, आणि मावसांच्या हातात नारळ दिला. आता आमच्यात नारळ हातात पडला की शब्द गेला. मागं फिरलात तर भाऊबंदात तोंड दाखवायला जागा नाही. म्हणजे सुनंदा जन्मभर माझी मेहुणी. मी जीव मुठीत धरून अण्णांकडे बघितलं. अण्णांनी मूठ छातीवर ठेवून खूण केली, दम धर.

नारळ हातभर अंतरावर आला आणि माझा दम संपला. दम संपला की चढाईला गेलेला गडी काय करतो? आपल्या अंगणाकडे पळतो. मी उठलो आणि दाराकडे धूम ठोकली.

"काय व्हयनं रे भाऊ?" बापू ओरडले.

उंबऱ्यात कुणीतरी मागून सदरा धरला. सुनंदा होती. "कुठं निघालात?"

मी पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. "तुलाच मागायला आलो होतो. तीन महिन्यांपासून तूच मनात आहेस," म्हणालो.

"मग एवढा वेळ पुष्पाकडे काय बघत होता?" मावसा तापले.

"मावसा, ते बकरीकडेसुद्धा असंच बघतात," सुनंदा म्हणाली. सगळ्यात आधी पुष्पाच हसली, म्हणून मी वाचलो. नारळ एकदाचा योग्य घरातून माझ्या हातात पडला.

लग्नानंतर हिला विचारलं, "तुला काहीच कळलं नव्हतं?"

"कळलं होतं की. शाळेत मी कबड्डीच खेळायचे. जो आपल्याकडे बघत नाही तोच अंगावर येणार, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलेलं."

"मग तीन महिने गप्प का बसलीस?"

"तुमच्यात दम किती आहे ते बघत होते," ती म्हणाली. "फार नव्हता."