दुसऱ्याच्या नावाच्या गोळ्या

दवाखान्यात केसपेपर लिहायला बसलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साठतात. अडचण एवढीच, की आमच्या मालवणच्या बायकांच्या दवाखान्यातले किस्से जेवताना सांगण्यासारखे नसतात. इथे नावं बदलली आहेत. तशी ती बायकांनीच आधी बदललेली होती.

आमच्या डॉक्टरबाई पुण्याकडच्या. अंगावरून पांढरं जातं म्हणून येणाऱ्या बायकांपैकी कितीजणींना ट्रायकोमोनास नावाचा जंतू आहे, हे त्यांना शोधायचं होतं. तो संबंधातून नवरा-बायकोत एकाकडून दुसऱ्याला लागतो. सापडला की रजिस्टरात नावापुढे लाल टिंब द्यायचं, हे माझं काम. पानं बघता बघता लाल होत चालली. ती बघून मला घरी झोप लागेना. आमचे हे मुंबईत, वर्षातून दोनदा येणारे. पदरात दहा महिन्यांची मुलगी. आणि तक्रार मलाही होतीच.

*

एका कोळंबी विकणाऱ्या काकीला बाईंनी मायक्रोस्कोपमधून तिचाच जंतू दाखवला. एक डोळा मिटून ती बघतच राहिली.

"जितो आसा?"

"जिवंत आहे. गार झालं की हलायचा थांबतो."

"सुंगटासारखो उडता गो," काकी म्हणाली. "इतक्या ताजा माज्या टोपलेत पण नसता."

*

नव्या गोळ्या आल्या तेव्हा बाई प्रत्येकीला केसपेपरवरचं नाव घातलेली दोन पाकिटं देऊन बजावत, "दोघांनी घ्यायच्या. एकटीने घेऊन उपयोग नाही."

कट्टा गावची एक सून पंधरा दिवसांनी परत आली. जंतू तसाच.

"नवऱ्याने घेतल्या नाहीत?"

"घेतल्यानी मां. एका पाकिटातले अर्दे तेंनी, अर्दे मी."

"आणि दुसरं पाकीट?"

"ता सासऱ्यांका दिलंय. तेंका जुलाब होत होते. थांबले."

बाईंनी आणखी दोन पाकिटं काढली.

*

आनंदी परब या नावापुढे महिन्याभरात तीन टिंबं पडली. वयं मात्र एकोणीस, तेवीस आणि सत्तावीस. मी लिहिताना गोंधळले, पण माझा स्वतःवरच विश्वास कमी. वाटलं, मीच चुकले असेन.

मग एक दिवस साठीच्या आनंदी परब गुडघा दाखवायला आल्या. बाईंनी रजिस्टर बघून हलक्या आवाजात विचारलं, "गोळ्या तुम्ही नेल्यात, पण मालकांनी घेतल्या का?"

"घोव जावन बारा वर्सां झाली," आनंदीबाई म्हणाल्या. "तेका गोळ्ये खंय धाडू?"

बाहेरच्या बाकावर त्यांच्या तिघी सुना बसल्या होत्या. मी डोकावले तेव्हा बाक रिकामं होतं. घरात जिच्याशी पटत नाही तिचं नाव द्यायचं, ही आमच्याकडची पद्धत मला त्या दिवशी कळली.

*

आता माझं. मुलीला काही होईल या भीतीने मी तिची लंगोटं दोनदा उकळत होते. शेवटी बाईंना म्हटलं, "एका बाईचं विचारायचं होतं."

सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "त्या बाईला म्हणावं, लंगोटं विरतील, बाळाला अशाने काही होत नाही. आणि आता आत येऊन तपासायच्या टेबलावर झोप म्हणावं."

केसपेपर मलाच लिहायचा होता. मी बिनदिक्कत थोरल्या नणंदेचं नाव घातलं; तिने माझ्या सोलकढीला नाक मुरडलं होतं. जंतू सापडला. टिंबही मीच दिलं. दोन पाकिटं घरी नेऊन तांदळाच्या डब्यात लपवली.

हे शिमग्याला आले. चार दिवस मी तोंड उघडलं नाही. कुणाकडून कुणाला, असं त्यांनी विचारलं तर? आणि मी विचारलं, तर ते काय सांगतील? पाचव्या दिवशी सकाळी चहाच्या कपाशेजारी पाकिटं ठेवली आणि म्हटलं, "दोघांनी घ्यायच्या आहेत."

ते उठले, ट्रंक उघडली, आणि माझ्या पाकिटांशेजारी आणखी दोन पाकिटं आणून ठेवली.

"मुंबयच्या डॉक्टरान दिल्यान. बायलेन पण घेवक व्हयी म्हणता."

चहा निवत होता. त्यांनी माझं पाकीट उचलून वाचलं.

"ह्या आमच्या अक्काचा नाव कित्याक गो?"

मी त्यांचं पाकीट उलटं करून बघितलं. त्यावर सुवाच्य अक्षरात, आडनावासकट, माझ्या बाबांचं नाव होतं.