ढाणकीतली गृहभेट

यवतमाळहून उमरखेडकडे जाणारी लाल बस सुटली तेव्हा आमच्या खिडकीची काच अर्ध्यावर अडकलेली होती आणि थंडी हक्कानं आत येऊन बसली होती. शेजारी माझी कॉलेजातली मैत्रीण सुनंदा निवांतपणे उकडलेल्या तुरीच्या शेंगा सोलत होती. मी नाशिकची, शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण. ती यवतमाळात मुलांच्या संरक्षणाच्या कार्यालयात समाजसेविका. तिच्याकडे थोडे दिवस राहायला गेले होते. "घरात बसून माझ्या कुंड्यांना पाणी घालण्यापेक्षा चल ढाणकीला," ती म्हणाली. अर्थात तिनं आधी साहेबांना विचारलं, ज्या घरी जायचं त्यांनाही विचारलं आणि कुठे लिहिलंच तर नावं बदलीन असं माझ्याकडून कबूल करून घेतलं. तशी ती बदलली आहेत.

काम साधं वाटत होतं. तिसरीतली आफरीन बालगृहात होती. बाप केव्हाच सोडून गेलेला, आई आजारानं वारली. तेव्हा तिची खाला (मावशी) जुबेदा स्वतःच मोठ्या ऑपरेशननंतर अंथरुणाला खिळलेली होती, म्हणून पोरीला बालगृहात ठेवावं लागलं. आता जुबेदा ठणठणीत बरी झाली होती आणि भाचीला घरी मागत होती. पोरीला द्यायचं की नाही हे बालकल्याण समिती ठरवणार, पण त्याआधी सुनंदानं घर बघून अहवाल द्यायचा. तिचं मत उलटं पडलं तर आफरीन बालगृहातच राहणार.

दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. बायका ओटीत वेचून टाकत होत्या. मागच्या बाकावरच्या पागोटेवाल्या आजोबांनी आमचं बोलणं मन लावून ऐकलं होतं.

"बाई, तुमी समाजसेवा करता?" त्यांनी सुनंदाला विचारलं.

"हो, आजोबा."

"मंग कोन्त्या वॉर्डातून उभ्या राहून राह्यल्या?"

मी खो खो हसले. सुनंदाला मात्र हे रोजचं आहे. आपल्याकडे चौकातल्या फ्लेक्सवर हात जोडून उभा असलेला प्रत्येक जण समाजसेवक, तेव्हा आजोबांचं तरी काय चुकलं? ती म्हणाली, "उभी नाही राहत आजोबा, मी नोकरी करते. बसायलाच मिळत नाही, उभी काय राहू!"

आर्णीच्या जरा पुढे टायर पंक्चर झालं. सगळे उतरलो. टपरीवर तर्री-पोहे (पोह्यांवर हरभऱ्याचा झणझणीत रस्सा) मिळाले. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि दुसरा घास मी त्याहून मोठा घेतला. टपरीवाल्या बाईला सुनंदाचं काम कळलं तशी ती दोन पावलं मागे सरली आणि आपल्या लेकराला पदराआड घेत म्हणाली, "आमच्याकडं तं म्हनते, अशा म्याडम येते अन् पोट्टे घेऊन जाते."

"आज एक परत देता येईल का ते बघायला चालले आहे," सुनंदा म्हणाली.

"देते बी काय?" बाईनं असं विचारलं, जणू पोस्टात टाकलेलं पत्र कधी परत मिळतं का! मला त्या बाईचा राग आला. सुनंदाला नाही आला. ती चहा पीत म्हणाली, "घाबरणारच गं. आम्ही दारात उभ्या राहतो त्या दिवशी त्या घरात काहीतरी बिनसलेलं असतं. चेहरा आमचाच लक्षात राहतो."

उमरखेडला बस बदलून ढाणकीला पोचायला दुपार उलटली. बाजाराच्या मागे गॅरेजांची एक गल्ली. जुबेदाचा नवरा सलीम तिथे मोटारसायकली दुरुस्त करतो. आम्ही वळणावर दिसताच कुणीतरी ओरडलं आणि गल्लीतले सगळे पाने-हातोडे एकदम थांबले. सलीम कडक इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात समोर आला, पण हातांवरचं काळं ऑइल काही निघालेलं नव्हतं.

आणि घर! बाहेरून दोन खोल्यांचं, टिनाचं. आत पाऊल टाकलं तर दोन सोफे एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसलेले. फ्रिज, शोकेस, प्लॅस्टिकचं वेष्टण न काढलेली गादी, टेबलावर पृथ्वीचा गोल. पाय ठेवायला जागा नव्हती. जुबेदा जरीची ओढणी सावरत ट्रे घेऊन आली. पोहे, चिवडा, बर्फी, चहा. माझ्या ध्यानात आलं, हा थेट मुलगी बघायचा कार्यक्रम मांडला होता. फक्त इथे नवरी मुलीच्या जागी घर सजवून बसवलं होतं.

सुनंदा घर निरखत होती. "आफरीन अभ्यास कुठे करेल?" तिनं विचारलं. जुबेदानं टेबलाकडे बोट केलं. "आणि झोपेल कुठे?" जुबेदानं गादीकडे बोट केलं. उत्तरं पाठ केलेली होती, आणि सुनंदाच्या कपाळाला बारीक आठी पडली. ती आठी मला कॉलेजपासून ठाऊक आहे. तिला काहीतरी पटत नव्हतं. मी पोह्यांची बशी खाली ठेवली.

तेवढ्यात दारातून एक काकू वाकून आत आल्या. "भाभी, तुमचं चालू द्या. मी फक्त दही घ्याले आली. जावई जेवाले बसले ना!" असं म्हणून त्यांनी सरळ फ्रिज उघडला, दह्याचं पातेलं काढलं आणि वळताना सुनंदाकडे पाहून जीभ चावली.

फ्रिज त्यांचा होता. दह्यासकट आणला होता. त्याची वायर बोर्डापर्यंत पोचतही नव्हती.

सलीमची मान खाली गेली. जुबेदानं ट्रे ठेवला आणि रडू फुटलं तिला. "मॅडम, यातलं काईच आमचं नाई. सोफे शेख चाचाचे हाय, गादी त्याच्या नव्या सुनंची, फ्रिज कमलकाकूचा. सरकार घर पाहाले येते म्हनलं तं मले वाटलं, गरीब दिसलं तं पोरगी नाई देनार. माह्या बहिनीची येकच निशानी हाय. तिले नका ठेवू तिकडं."

सुनंदा उठली. मला वाटलं, संपलं. ती म्हणाली, "जुबेदाताई, ज्याचं आहे ते त्याला नेऊन द्या. मग मी तुमचं घर बघते."

मग जी वरात निघाली ती मी जन्मात विसरणार नाही. शेख चाचा आणि शेजारचा पानवाला एकेक सोफा उचलून निघाले, नवी सून गादीचं एक टोक धरून लाजत निघाली, कमलकाकू दह्याचं पातेलं कडेवर घेऊन फ्रिजला "हळू, हळू" म्हणत मागे. आणि प्रत्येक जण परत येताना सुनंदाला स्वतःहून काहीतरी सांगत होता. माही नात शाळेत सोबत नेईल. भाभी दवाखान्यात गेली तं पोरगी माह्याकडं जेवंल. आईच्या मैयतीत (अंत्यविधीच्या वेळी) आफरीन माह्याच मांडीवर होती, मॅडम, हे लिहून घ्या. सुनंदा त्यांना उलटसुलट विचारत राहिली, सलीमला बाजूला घेऊन विचारलं, जुबेदाला एकटीला विचारलं. सोपी नव्हती ती. पोरीला घरकामाला जुंपणार का, हेही तिनं तोंडावर विचारलं. जुबेदा डोळे पुसून ताठ झाली. "पोरगी शाळा शिकंल. भांडे मी घासतो."

खोली रिकामी झाली तेव्हा उरली एक लोखंडी पेटी, एक चटई आणि खिडकीशी भिंतीला नवा चुना दिलेला कोपरा. "इथं झोपंल, माह्या बाजूले," जुबेदा म्हणाली. सुनंदानं त्या चटईवर मांडी घालून दुसरा चहा मागितला. तिच्या कपाळावर आठी नव्हती.

"मुलीला सोफा लागत नाही," ती म्हणाली. "तिच्यासाठी सोफा उचलणारे लागतात. ते मी आज पाहिले, आणि तेच कळवणार आहे."

समितीची तारीख माझ्या परतीच्या आधी होती, म्हणून मीही गेले. निर्णय आफरीनच्या बाजूनं लागला. बालगृहाच्या फाटकाशी एक टेम्पो उभा. जुबेदा, सलीम, शेख चाचा, कमलकाकू, कडेवर शेजारचं मूल घेतलेली नवी सून, अख्खी गल्ली उतरली होती. आतून अधीक्षिकाबाईंनी हाक मारली, "आफरीनचे नातेवाईक कोण आहेत?"

"आमी!" सगळे एका सुरात ओरडले. अधीक्षिकाबाईंच्या हातातला चष्माच पडला.

दोन वेण्या घातलेली बारकी पोरगी पायऱ्यांवर थबकली. मग धावली, आणि खालाच्या पोटाशी अशी घुसली की जुबेदा मागच्या मागे कमलकाकूंच्या अंगावर. मला शिट्टी वाजवता येते हे माझ्या मुलांनाही माहीत नाही. मी वाजवली. त्या यवतमाळच्या रस्त्यावर, या वयात, दोन बोटं तोंडात घालून, जोरात. सुनंदा रडत होती आणि हसत होती, आणि टेम्पो वळण्याआधी तिला फोन आला. वणीला दुसऱ्या एका घरी जायचं होतं. तिनं नाक पुसलं आणि बसची वेळ विचारली.

नाशिकला पोचले तर वहिनींनी चहा पुढे करत विचारलं, विदर्भात एवढं काय पाहिलंस? टिपेश्वरचा वाघ पाहिला का? धबधबा, देऊळ, काहीतरी?

मी म्हटलं, "एक पोरगी घरी जाताना पाहिली."