शनिवारी मेटल

एका मंगळवारी दुपारी माझा नवरा पावणे औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या गाळ्यात स्टुलावर बसला आणि उठला नाही.

गाळ्यात दोन पॉवर प्रेस होते. पत्र्यातून वॉशर कापायचे, हा त्याचा धंदा. त्या ठोक्यांनी त्याचे कान हळूहळू गेले. वाशीच्या घरात मी प्रत्येक वाक्य दोनदा बोलायची, दुसऱ्यांदा मोठ्याने. तो गेल्यावरही काही आठवडे भाजीवाल्याशी मी तशीच बोलत होते.

मशीन विकल्यावर गाळा एका तिशीतल्या मुलीने भाड्याने घेतला. तिला तिथे गाण्याचे कार्यक्रम करायचे होते. जुनी किल्ली सापडली म्हणून मी द्यायला गेले, तेव्हा शटरवर येणाऱ्या कार्यक्रमांचा फलक दिसला. एका आठवड्यात गिटारवर भीमगीतं, पुढे आगरी गाण्यांचा बेंजो. त्याआधी, येत्या शनिवारी, नुसतंच ‘मेटल’.

“तुम्ही पत्र्याचं कामही घ्यायला लागलात?” मी विचारलं.

ती हसत सुटली. “काकू, मेटल म्हणजे बँड. ओरडतात ते.”

“कशाबद्दल?”

“ते मलाही अजून कळलेलं नाही.”

येता शनिवार म्हणजे तिथीने त्याचं वर्षश्राद्ध. मी ते सांगितल्यावर तिचं हसू गेलं. “तुम्ही नको म्हणालात तर नाही करणार. शनिवारी संध्याकाळपर्यंत सांगितलंत तरी चालेल.”

दिराला हे कळलं. शनिवारी सकाळी विधी झाले, पानं वाढली, आणि पहिल्या घासालाच त्याने विचारलं, “वहिनी, तो धांगडधिंगा बंद केलात ना?”

“अजून नाही, भावजी. आधी जाऊन ऐकते.”

“ऐका. दादाला नशिबाने ऐकूच येत नव्हतं.”

मला राग आला नाही. प्रश्न पडला. ऐकू येत नसताना तो त्या गाळ्यात रोज काय ऐकत होता? पत्रा कापणारी डाय बोथट झाली की तो मशीनच्या अंगावर हात ठेवून ओळखायचा. मी ते नेहमी सवयीत जमा धरलं होतं.

चार वाजता गेले तेव्हा बँडची मुलं आवाज लावून बघत होती. मी भिंतीला लागून बसले. ड्रम सुरू झाला तो आधी तळपायांना कळला. मग खुर्चीला, मग बरगड्यांना. कानात नुसता गोंगाट होता, पण पायांना ठेका नीट मोजता येत होता. मी चप्पल काढली. हात भिंतीवर ठेवला.

मधल्या वेळेत गाणारा चष्मेवाला मुलगा पाणी प्यायला आला.

“एवढं ओरडून घसा बसत नाही?”

“घशातून नाही हो मॅडम, पोटातून काढायचं. घशातून काढलं तर सोमवारी ऑफिसात मुकं बसावं लागतं.”

“आणि शब्द?”

“शब्द आहेत. आईलाही खोटं वाटतं.”

भाडेकरू मुलगी दारात उभी होती. “काकू, करायचं ना?”

“करा,” मी म्हटलं. “मी थांबते.”

दिराने त्यानंतर फोन केलेला नाही. मशीन गेली, तरी प्रेसचे बोल्ट अजून फरशीत आहेत. दर शनिवारी त्या बोल्टांजवळ माझ्यासाठी खुर्ची ठेवलेली असते.