चार्जर लावला की झोपणारा लॅपटॉप

माझा लॅपटॉप चार्जर लावला की झोपायचा. चार्जर काढला की खडबडून जागा व्हायचा, पण मग बॅटरी वीस मिनिटांत मान टाकायची. आमच्या भागात विहिरीवरच्या मोटारीही अशाच लहरीने चालतात, त्यामुळे पहिले काही महिने मला यात काही वावगं वाटलं नाही.

उन्हाळ्यात मात्र अंगाशी आलं. मी शेवगावजवळच्या शाळेत मास्तर, बायको बेलापूरकडच्या शाळेत बाई. जिल्हा एकच, पण मध्ये दोन एसट्या बदलाव्या लागत. सहा वर्षं आमचा संसार शनिवारी संध्याकाळी मांडला जायचा आणि रविवारी संध्याकाळी मोडायचा. एकत्र राहायचं तर बदलीचा ऑनलाइन अर्ज भरायला हवा होता, आणि त्या दिवशी पाच वाजता तो बंद होणार होता. शेवटच्या दिवसापर्यंत का थांबलो, हे विचारू नका. मी पोरांना गृहपाठ वेळेवर न केल्याबद्दल उभं करणारा माणूस आहे.

मोबाईलवर तो अर्ज अर्धाच दिसायचा. शाळेचा संगणक खराब होऊ नये म्हणून आम्ही तो कधी चालूच करत नाही. राहिला माझा लॅपटॉप. चार्जर लावून 'पुढे' दाबलं, चहा पिऊन आलो, तरी पान मागेच. चार्जर काढून तीन पानं भरली, चौथ्याला पडदा काळा. पुन्हा पहिल्यापासून.

तोवर सगळा स्टाफ भोवती जमला.

"व्होल्टेज लई कमी हाय आज. त्याला पुरत न्हाई," मुख्याध्यापक म्हणाले आणि त्यांनी खोलीतला पंखा बंद करून आम्हा सगळ्यांना घामाघूम केलं.

"व्हायरस हाय," दुसरे गुरुजी म्हणाले. "कुनाचा पेनड्राइव्ह लावला हुता?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला माझ्याच चारित्र्याची शंका आली.

मी स्वतः पोर्टलला, चार्जरला आणि लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीला दोष दिला. विज्ञान शिकवतो ना, त्यामुळे चूक कायम बाहेर शोधायची मला शास्त्रशुद्ध सवय आहे.

खिचडी शिजवणाऱ्या मावशी पातेलं घासून दारात उभ्या होत्या. "सर, बैल पेंड खात असताना कुनी जुपतं का? खाऊ द्या त्याला निवांत."

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यांदा मी हसलो.

साडेतीनला मी मोटारसायकल काढली आणि शेवगावातलं दुरुस्तीचं दुकान गाठलं. दुकानदाराने चार्जर लावून लॅपटॉप थोडा वेळ चालवला, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच मागे घेतला.

"चार्जिंगची गरमी येगळी, कामाची येगळी. दोन्ही एकदम झाल्या, अन् हवा भाईर पडायला वाट न्हाई. मग जळू न्हाई म्हनून त्यो सोताच हळू चालतो."

म्हणजे मावशींचा बैल बरोबर होता.

त्याने स्क्रू काढले, झाकण उघडलं आणि आतला पंखा वर्तमानपत्रावर झटकला. हळद पडली. कुंकू पडलं. झेंडूच्या वाळक्या पाकळ्या पडल्या. मग एक एक करत अक्षता पडल्या. दुकानदाराने त्या चिमट्याने बाजूला केल्या आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "सर, ह्यात नारळ न्हाई का फोडला?"

दर वर्षी वर्गात अंधश्रद्धेवर पाऊण तास बोलणारा मी खाली मान घालून उभा होतो. दसऱ्याला अवजारांची पूजा करतात, तशी मी लॅपटॉपची केली होती, एवढंच त्याला सांगितलं. पूर्ण गोष्ट सांगायची हिंमत झाली नाही.

त्या दसऱ्याला आम्हा दोघांनाही घरी जाता आलं नव्हतं. भाड्याच्या खोलीत पाटावर लॅपटॉप ठेवून मी बायकोला व्हिडिओ कॉल लावला होता. पलीकडून ती म्हणाली, "अहो, त्याच्यावरच बदलीचा अर्ज भरायचाय ना? मग नीट पूजा करा. आणि मागायचं ते मनापासून मागा." मी मनापासून मागितलं, आणि मूठ भरून अक्षता टाकल्या. पडद्यावर ती होती, म्हणून त्या तिच्यावरच पडत होत्या. लग्नानंतर पहिल्यांदाच तिच्यावर अक्षता पडताना मी बघत होतो, म्हणून आणखी एक मूठ टाकली. लॅपटॉप चालू, आत पंखा फिरतोय, तो सगळं ओढून घेतोय, हे विज्ञानाच्या मास्तराच्या डोक्यात आलं नाही.

चार्जर लावूनच, दुकानाच्या काउंटरवर अर्ज भरला. पाचला सहा मिनिटं कमी असताना पोच आली. तिला फोन केला. "काय झालं होतं त्याला?" तिने विचारलं. मी म्हणालो, "धूळ."

बदली झाली. पुढच्या दसऱ्याला बेलापूरच्या घरात ती पूजेचं ताट घेऊन आली, तेव्हा मी लॅपटॉप आधीच बंद करून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला होता. मग तिला सगळं खरं सांगितलं. ती हसत हसत खालीच बसली. मग डोळे पुसून तिने पिशवीला कुंकवाचं बोट लावलं आणि ताटातल्या अक्षता माझ्या डोक्यावर टाकल्या.