सपाट गावातली उताराची सायकल

२०२३ साली, वयाच्या बाहत्तराव्या वर्षी, मी एका सायकलीवर जळलो. सायकल आमच्या व्याह्यांची, म्हणजे माझ्या धाकट्या मुलीच्या सासऱ्यांची. तंजावुरात विक्षिप्त माणसांना तोटा नाही, पण रेल्वेचा पूल सोडला तर जिथे चढ म्हणून दिसत नाही, अशा या भातशेतीच्या मुलखात बसून डोंगर उतरायची सायकल निवडणारा माणूस देवाने एकच घडवला आणि तो नेमका माझ्या वाट्याला घातला. माझी शाळा पाचवीपर्यंत, तीही तमिळ. मराठी अक्षरं वडिलांनी पाटीवर गिरवून घेतली, तेव्हा लिहिण्यात काही चुकलं असेल तर वाचणाऱ्याने ते आपल्याजवळ ठेवावं. सायकलीबद्दल मात्र मला कोणी शिकवू नये. पन्नास वर्षं सायकल दुरुस्तीचं दुकान चालवतोय. या गावातलं वाकडं चाक माझ्या हाताखालून गेल्याशिवाय सरळ झालेलं नाही.

व्याही पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. मैलभर कालव्याला बोटभर उतार द्यायचा आणि पाणी चालतं करायचं, यात त्यांची सगळी नोकरी गेली. डोळ्याला दिसेल असा उतार बिचाऱ्यांना कधी मिळालाच नाही. मोजल्याशिवाय त्यांना काही पटत नाही. मुलीच्या लग्नात भटजी अक्षता वाटायला निघाले, तर हे सपाटी पाहायची पाण्याची नळी घेऊन बोहल्यावर. "अर्धा इंच कलतोय." चौरंगाच्या पायाखाली पुठ्ठा सारला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "आता होऊ द्या." मोजलेला आकडा ते वहीत शाईने लिहितात. आणि शाईने लिहिला की संपलं, तो परत तपासायचा नाही. शिलालेख परत कोण खोदतो?

सायकल निवडायला त्यांनी पावणेदोन वर्षं घेतली. या जातीला एंड्युरो म्हणतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. शर्यतीत चढताना घड्याळ लावत नाहीत, उतरतानाच लावतात. मी विचारलं, "मग रावसाहेब, चढायचं कशाला?" "उतरायला मिळावं म्हणून, अण्णा!" चाक धरणारा पुढचा काटा एकशे साठ मिलिमीटर दबणारा घ्यावा की एकशे सत्तर, मागचं चाक पुढच्याएवढं की थोडं लहान, यावर त्यांनी एक अख्खी वही भरली. शेवटी तीन सायकली खडूने गच्चीवर पूर्ण आकाराच्या काढल्या आणि विहीणबाईंना स्टूल देऊन एकेकीवर बसवून पाहिलं. त्या दिवसांत वडाम, म्हणजे तांदळाच्या कुरडया, वाळत घालायला जागा उरली नाही. मग विहीणबाईंनी पुढच्या चाकांत वडाम घातले आणि मागच्या चाकांत ताकातल्या मिरच्या. फोन करून सल्ला घ्यायचा तो बेंगळुरूच्या कोणा पोराचा. माझं दुकान त्यांच्या घरापासून दोनशे पावलांवर, हेही त्यांच्या वहीत असणार. पण विचारायला ते एकदाही आले नाहीत.

खोकं आलं तेव्हा मी पाने घेऊन गेलो. त्यांनी मला मानाने तिण्णैवर बसवलं, म्हणजे दाराबाहेरच्या ओट्यावर, आणि हाताला काही लावू दिलं नाही. प्रत्येक बोल्ट एका पान्याने आवळायचा, ठरलेल्या जोराला तो पाना 'टक' करणार. "हाताचा अंदाज नको, अण्णा." माझ्या हाताला, माझ्याच तोंडावर! मग आलं मागच्या शॉकचं, म्हणजे धक्के गिळणाऱ्या, हवा भरलेल्या नळकांड्याचं. माणूस बसला की तो तीस टक्के दबला पाहिजे, त्याहून कमी नाही, जास्त नाही. त्याला सॅग म्हणतात. शॉकच्या दांड्यावर रबराची बारीक कडी असते, ती किती सरकली ते पाहायचं. अंगावर जे असेल त्यासकट मोजायचं, म्हणून हे हेल्मेट, गुडघ्याचे पट्टे, पाण्याची बाटली आणि दहीभाताचा डबा पाठीला लावून सायकलीवर चढले. कोणीतरी हँडल धरायला हवं. मी उठलोसुद्धा. तेवढ्यात त्यांनी हाक मारली, "अगं, जरा धर." विहीणबाई पिठाच्या हातांनी धरून उभ्या राहिल्या. पंपाच्या काट्यावरचा हवेचा आकडा वहीत गेला. मी परत बसलो.

त्यानंतर गावाने मला सुखाने जगू दिलं नाही. टपरीवरचा चहावाला विचारी, "तुमच्या संबंधींच्या सायकलीला ब्रेक तेलावर चालतात म्हणे?" माझ्याकडे पंक्चर काढायला आलेली माणसं पंक्चर निघेपर्यंत तिकडे जाऊन सायकल पाहून येत. घरी बायको म्हणाली, "बसलं की गादीसारखी दबते म्हणे." तिला मी लग्नाच्या वर्षी कॅरिअरवर बसवून पापनाशमपर्यंत नेली होती. तेव्हा गादीचं नाव तिने काढलं नव्हतं.

एका दुपारी गेलो तर व्याही झोपलेले, विहीणबाई देवळात आणि ती सायकल ओसरीत उभी. मी भिंतीला हात टेकून वर बसलो. दबली. माझ्या धंद्यात जे माणसाखाली दबतं त्यात हवा कमी असते. त्यांनी सांगितलेलं मी ऐकलं होतं, मानलं नव्हतं. छोटा पंप खुंटीला होताच. सायकल दगडासारखी होईपर्यंत शॉकमध्ये हवा मारली, बसून पाहिलं, जराही हलली नाही. चांगलं करून ठेवलं, असं वाटेवर मी स्वतःला दोनदा सांगितलं. दोनदा सांगावं लागलं, तेव्हाच समजायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी ते पापनाशमच्या अलीकडे कालव्याच्या बांधावर गेले. पुढच्या महिन्यात डोंगरात जायचं होतं, त्याची ही तालीम. बांधावरून खाली उतरताना मागचं चाक दगडावर आपटलं आणि दबण्याऐवजी उसळलं. व्याही हँडलवरून थेट भाताच्या लावणीत. चिखल होता म्हणून हाडं राहिली. लावणी करणाऱ्या बायांनी त्यांना ओढून काढलं आणि सायकलीसकट टेम्पोत घालून घरी पाठवलं.

संध्याकाळी मी गेलो तेव्हा कोपराला पट्टी बांधून ते वही उघडून बसले होते. मला वाटलं, आता शिव्या बसणार. ते हळू आवाजात म्हणाले, "अण्णा, आल्यावर हवा पाहिली. वहीतल्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट. म्हणजे त्या दिवशी पंपाचा काटा वाचताना मीच चुकलो. डोळे गेले म्हणा, नाहीतर डोकं." मी म्हटलं, "होतं एखादं वेळेस." "माझं कधी झालं होतं?" त्यांनी टोपण काढलं आणि तो आकडा शाईने खोडला. सव्वीस वर्षांच्या ओळखीत त्यांना काही खोडताना मी पाहिलं नव्हतं. "विकून टाकतो. मोजणाऱ्याचा स्वतःवर भरवसा उरला नाही, तर उतारावर जाऊ नये." आतून विहीणबाई म्हणाल्या, "बरंच झालं, सुटले." पण त्या बाहेर आल्या नाहीत.

मला हवं तेच झालं होतं. सायकल गावातून जाणार होती. घरी आलो, पानावर बसलो, आणि भात कालवून तसाच उठलो. माझ्या उभ्या आयुष्यात मी चूक कबूल केलेली नाही. बायकोला विचारा. गिऱ्हाइकाची ट्यूब माझ्या हातून फाटली तर ट्यूबच जुनी, असं मी म्हणत आलो. पण या माणसाने माझी हवा आपल्या डोळ्यांवर घेतली होती, आणि आता हा रस्ता ओलांडायलाही भिणार, हे मला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान न उघडता मी त्यांच्याकडे गेलो. ते तिण्णैवर बसले होते, हातात वही नव्हती. विहीणबाईंनी दारातून विचारलं, "कॉफी टाकू ना, अण्णा?" मी चपला काढल्या, व्याह्यांसमोर खाली जमिनीवर बसलो आणि म्हटलं, "आधी मला बोलू द्या, विहीणबाई. ऐकून झाल्यावर द्यावीशी वाटली, तर द्या."